काम आणि माणूस यांच्या मधे कोण उभं असतं?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर कामगारवस्तीतल्या मुलांना शिकवलं. शाळा सुटल्यावर त्या मुलांचं पुढे काय होतं, याची काळजी त्यांनी कधी सोडली नाही. आज मी त्याच काळजीबद्दल बोलणार आहे. काम शोधणारा माणूस आणि माणूस शोधणारा मालक या दोघांची गाठ कोण घालून देतो, कशी घालून देतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा माझा विषय. व्यवसाय मार्गदर्शन म्हटलं की आपल्यासमोर दहावी-बारावीची मुलं आणि त्यांचे पालक येतात. मला मात्र आज शिक्षण संपलेल्या, घरी बसलेल्या, रोज कुठेतरी अर्ज करणाऱ्या माणसाबद्दल बोलायचं आहे.

सुरुवात मुंबईच्या गिरण्यांपासून करतो. रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून माणसं गिरणगावात आली ती वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून आली नाहीत. आधी आलेला गाववाला होता, गावकीची खोली होती, खानावळीत उधारीवर जेवायची सोय होती आणि गिरणीच्या दारात जॉबर होता. गिरणीत कोणाला घ्यायचं हे मालक ठरवत नसे, ते जॉबर ठरवी. साच्यावर उभं कोण राहील, बदलीवर कोण येईल, रजेवरून उशिरा परतलेल्याला पुन्हा कामावर घ्यायचं की नाही, हे त्याच्या हातात असे. बायकांच्या खात्यांत हीच सत्ता नायकिणीकडे होती. त्यासाठी जॉबर पैसे घेई. नोकरी लावताना घेई आणि नोकरी टिकवण्यासाठीही घेई. भारतातल्या कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने १९३१च्या आपल्या अहवालात या लाचखोरीवर कडक टीका केली आणि भरतीचं काम जॉबरकडून काढून कामगार अधिकाऱ्याकडे द्यावं, असं सुचवलं. मुंबईच्या गिरणीमालकांनी १९३५मध्ये बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत सुरू केली, तीही जॉबरची पकड सैल करण्यासाठी.

जॉबर गेला हे चांगलंच झालं. पण त्याच्याजवळ असलेली एक गोष्ट आपण त्याच्याबरोबर घालवून बसलो, आणि माझं आजचं सगळं म्हणणं त्या एका गोष्टीभोवती आहे. जॉबरला दोन्ही बाजू ठाऊक होत्या. कोणत्या खात्यात कसला त्रास आहे, कोणता मास्तर तापट आहे, कोणत्या साच्यावर नवशिक्या टिकतो, हे त्याला माहीत होतं. खोलीवर राहणाऱ्या पोराला धुळीचा खोकला आहे, त्याच्या घरी पेरणीच्या वेळी कोणी नाही, त्याचा हात कशात चालतो, हेही त्याला माहीत होतं. त्या माहितीची तो अन्याय्य किंमत वसूल करत असे. आपण पुढे जी सार्वजनिक व्यवस्था उभी केली तिने ही किंमत रद्द केली. माहिती मात्र तिच्याकडे आलीच नाही.

ती व्यवस्था म्हणजे सेवायोजन कार्यालय. तिचा उगम युद्धात आहे. दुसरं महायुद्ध संपत असताना सैन्यातून मोकळ्या होणाऱ्या जवानांना नागरी कामं मिळावीत म्हणून १९४५मध्ये पुनर्वसन आणि रोजगाराचं महासंचालनालय स्थापन झालं. फाळणीनंतर निर्वासितांसाठी त्याचा उपयोग झाला आणि १९४८मध्ये ही कार्यालयं सगळ्यांसाठी खुली झाली. पुढे शिवराव समितीच्या शिफारशीवरून १९५६च्या नोव्हेंबरपासून त्यांचा रोजचा कारभार राज्यांकडे आला. १९४८च्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने रोजगार सेवेविषयीचा ८८ क्रमांकाचा करार मंजूर केला होता. अशी सेवा विनामूल्य असावी, कामगाराला योग्य काम आणि मालकाला योग्य कामगार मिळवून देणं हे तिचं कर्तव्य असावं, असं त्यात म्हटलं आहे. उमेदवाराची मुलाखत घेणं, त्याची इच्छा आणि कुवत समजून घेणं, गरज पडेल तिथे त्याला व्यवसाय मार्गदर्शन मिळवून देणं, हेही त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. भारताने हा करार स्वीकारला. म्हणजे मार्गदर्शन ही आज कोणाला सुचलेली नवी कल्पना नाही. सेवायोजनाच्या मूळ आखणीतच ते होतं.

प्रत्यक्षात काय झालं, हे या सभागृहातल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला आठवत असेल. बारावीचा निकाल लागला की पहिलं काम म्हणजे एम्प्लॉयमेंटला नाव नोंदवून येणं. कार्ड मिळायचं, ठरावीक काळाने त्याचं नूतनीकरण करायचं आणि कॉल येण्याची वाट बघायची. कार्यालयाकडे आपली जात, टक्केवारी, टायपिंगचा वेग आणि नोंदणीची तारीख असायची. माणसाबद्दल याहून अधिक काही विचारायला तिथल्या कारकुनाला वेळ नव्हता आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही नव्हती. मालकाच्या बाजूची माहिती तर त्याहून तोकडी. १९५९च्या कायद्याने सरकारी आस्थापनांना आणि २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना रिक्त जागा कळवणं सक्तीचं केलं. पण त्या जागा कार्यालयाने पाठवलेल्या माणसांतूनच भरा, अशी सक्ती कायद्यात नव्हती. जागा न कळवल्याचा पहिला दंड जास्तीत जास्त ५०० रुपये होता. कारखानदार फॉर्म भरून पाठवत आणि माणसं आपल्या पद्धतीने, बहुतेक वेळा ओळखीतून, घेत. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सरकारी भरतीतही केवळ सेवायोजन कार्यालयाच्या यादीवर विसंबणं पुरेसं नाही, जाहिरातही द्यायला हवी. न्यायालयाचं म्हणणं न्याय्यच होतं. पण त्यानंतर त्या कार्डाला उरलीसुरली किंमतही राहिली नाही.

आज आपल्या जिल्ह्यातल्या त्या कार्यालयाचं नाव जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असं आहे. केंद्र सरकारने २०१५मध्ये राष्ट्रीय करिअर सेवेचं पोर्टल सुरू केलं, आपल्या राज्याचं महास्वयंम आहे. म्हणजे मार्गदर्शन हा शब्द आता कार्यालयाच्या पाटीवर आला आहे, आणि मला तो गंभीरपणे घ्यायचा आहे. कारण कार्डाची जागा पोर्टलने घेतली तरी प्रश्न तिथेच आहे. पोर्टलवर एका बाजूला पदवी, वय, पत्ता दिसतो आणि दुसऱ्या बाजूला पदाचं नाव आणि जागांची संख्या. या दोन ओळींच्या मधे जे आहे, तिथेच नोकऱ्या मिळतात किंवा निसटतात.

एक गोष्ट अनेकांना कोड्यासारखी वाटते. चाकणला, रांजणगावला, वाळूजला कारखान्यांच्या फाटकावर 'कामगार पाहिजेत'च्या पाट्या लागलेल्या असतात आणि त्याच वेळी गावोगावी शिकलेली मुलं घरी बसलेली असतात. हे एकाच वेळी कसं? २०१०चं अर्थशास्त्राचं नोबेल पीटर डायमंड, डेल मॉर्टेन्सन आणि ख्रिस्तोफर पिसारिडिस या तिघांना मिळालं ते याच प्रश्नावरच्या कामासाठी. त्यांनी दाखवलं ते थोडक्यात असं : कामाचा बाजार भाजी मंडईसारखा नसतो, की माल आणला, भाव ठरला आणि सकाळी दहापर्यंत सगळं उरकलं. इथे शोधायला वेळ लागतो, पैसे लागतात, दोन्ही बाजूंना एकमेकांची नीट माहिती नसते, आणि म्हणून जागा रिकाम्या असतानाही माणसं रिकामी राहतात. मार्गदर्शनाची जागा नेमकी इथे आहे.

यावर काही ठिकाणी फार काळजीपूर्वक अभ्यास झाले आहेत. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गमध्ये संशोधकांनी काम शोधणाऱ्या जवळपास ७ हजार तरुणांची निरनिराळ्या कौशल्यांची चाचणी घेतली. काहींना निकालाचं प्रमाणपत्र दिलं, जे ते मालकाला दाखवू शकत होते. काही महिन्यांनी पाहिलं, तर प्रमाणपत्र मिळालेल्यांत दर शंभरांमागे सुमारे पाच जण अधिक कामावर लागले होते आणि त्यांची कमाईही वाढली होती. आणखी एका गटाला निकाल फक्त स्वतःपुरता सांगितला होता, मालकाला दाखवता येईल असं काही दिलं नव्हतं. त्या गटात रोजगाराचा एवढा फरक पडला नाही. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे २०१६पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी झाली. मुलाला त्याचा कल कळला, पालकांना कळला. पण त्या कलाला पंचवीस किलोमीटरच्या परिघात कोण काम देतं, त्या मालकाला या मुलाबद्दल काय कळायला हवं, हा अर्धा भाग कोणी हातात घेतला नाही. माणसाला स्वतःची ओळख करून देऊन मार्गदर्शन थांबलं, तर ते अर्ध्यावर थांबतं.

दुसरा अभ्यास आपल्या देशातला आहे. रॉबर्ट जेन्सन या अर्थतज्ज्ञाने दिल्लीच्या आसपासच्या खेड्यांत तो केला. निवडलेल्या काही गावांत तीन वर्षं भरती करणारे लोक नेमाने पाठवले गेले. कॉल सेंटर आणि तत्सम उद्योगांत मुलींसाठी कोणती कामं आहेत, त्यासाठी काय यावं लागतं, मुलाखत कशी असते, हे त्यांनी सांगितलं आणि इच्छुकांना मदत केली. त्या गावांत नोकरी करणाऱ्या तरुणींचं प्रमाण वाढलं, त्यांची लग्नं आणि बाळंतपणं पुढे गेली. कामं आधीपासून होती, मुलीही होत्या. गावाच्या पारावर येऊन त्या कामाबद्दल बोलणारं कोणी नव्हतं, ते आलं. नंदुरबार किंवा हिंगोलीच्या मुलीला पुण्यातल्या नोकरीबद्दल कोण सांगतं? आज बहुतेक ठिकाणी एखादा दूरचा भाऊ किंवा फोनवरचा अनोळखी एजंट सांगतो.

आता मार्गदर्शकाने नेमकं काय करायचं, याकडे येतो. माझा आग्रह असा, की त्याचा निम्मा आठवडा कार्यालयाबाहेर, एमआयडीसीत, दुकानांत, रुग्णालयांत, गोदामांत जायला हवा. तिथे मनुष्यबळ अधिकाऱ्याला किती जागा आहेत एवढंच विचारून परत येऊ नये. गेल्या सहा महिन्यांत जे सोडून गेले ते का गेले, हे विचारावं. हा प्रश्न विचारला की खरी माहिती बाहेर येते. एका कारखान्यातल्या अधिकाऱ्याने मला अगदी प्रामाणिकपणे सांगितलं होतं, की मराठवाड्यातली मुलं टिकत नाहीत, त्यांना काम करायचंच नसतं. त्याच कारखान्यातून परत गेलेल्या एका मुलाशी नंतर बोललो. जाहिरातीत आठ तास लिहिले होते, ड्यूटी बारा तासांची निघाली. एका खोलीत सहा जण, प्रत्येकाच्या पगारातून भाडं आणि कँटीनचे पैसे कापून जात. कंपनीच्या नावाने बोलावलं होतं, हजेरी कंत्राटदाराच्या नावावर लागली. सोयाबीन काढणीला घरी गेला, परत आला तेव्हा जागा गेली होती. दोघेही खरं बोलत होते, आणि दोघांच्या मधे हे खरं इकडून तिकडे नेणारा माणूस नव्हता. मार्गदर्शकाने त्या अधिकाऱ्याला सांगायला हवं होतं, की जाहिरातीत ड्यूटीचे खरे तास, हातात येणारा पगार आणि कोणाच्या नावावर हजेरी लागणार हे लिहा. तुम्हाला कमी अर्ज येतील, पण आलेला टिकेल. आणि त्या मुलाला घरून निघण्याआधी सांगायला हवं होतं, की पहिल्या महिन्याचा पगार हातात येईपर्यंत खोलीची अनामत, जेवण, प्रवास यासाठी एवढे पैसे जवळ लागतील. मुलींच्या बाबतीत रात्रपाळीची बस कुठपर्यंत सोडते, हा प्रश्न पगाराइतकाच महत्त्वाचा असतो. या गोष्टी कोणत्याही पोर्टलच्या रकान्यात बसत नाहीत.

पुण्यातल्या अभ्यासिकांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. सदाशिव पेठेत, नव्या पेठेत, आणि आता राज्यातल्या प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी स्पर्धा परीक्षेची मुलं पाच-पाच, सात-सात वर्षं बसलेली आहेत. एका डब्यात दोघं जेवतात. जाहिरात कधी निघेल, निकाल कधी लागेल, कोर्टात काय होईल, यात वर्षं जातात. एमपीएससीची वयोमर्यादा खुल्या गटासाठी ३८ वर्षं आहे. म्हणजे कायदा या मुलांना थांबू देतो, पण त्यांच्या घरचं वय थांबत नाही. २०२३-२४च्या राष्ट्रीय श्रमबल पाहणीत १५ वर्षांवरील सर्वांचा बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता, १५ ते २९ वयोगटाचा १०.२ टक्के. पहिल्या आकड्यात शेतात आणि घरच्या धंद्यात राबणारे सगळे आले. दुसरा आकडा मुख्यतः या वाट बघणाऱ्या मुलांचा आहे, असं मी समजतो.

या मुलांना आपण सहसा दोनच गोष्टी सांगतो : जिद्द सोडू नका, किंवा आता पुरे करा. दोन्ही सांगणं सोपं आहे. त्या मुलाने सहा वर्षांत राज्यघटना वाचली आहे, पंचायत राज, कायदे, योजना, आकडेवारी त्याला तोंडपाठ आहे. वेळेत नीट मराठी लिहितो, नकाशे वाचतो, दिवसाचे दहा तास एका जागी बसून काम करू शकतो. ग्रामीण कर्ज देणाऱ्या संस्थेला, शेतकरी उत्पादक कंपनीला, विमा कंपनीच्या दाव्यांच्या विभागाला, जिल्ह्यातल्या स्वयंसेवी संस्थेला, रुग्णालयाच्या प्रशासनाला यातलं बरंच काही हवं असतं. पण त्यांच्या टेबलावर बायोडाटा येतो तेव्हा त्यात फक्त सहा वर्षांची रिकामी जागा दिसते आणि कागद बाजूला पडतो. ही रिकामी जागा मालकाच्या भाषेत भरून देणं, हे मार्गदर्शकाचं काम आहे. मुलासमोर बसून ते लिहून काढायचं, आणि मग फोन उचलून त्या संस्थेला सांगायचं, की या मुलाला एकदा भेटा. गावच्या पाटलाची किंवा आमदाराची चिठ्ठी जे काम करते ते इथे पात्रतेच्या जोरावर आणि विनामूल्य झालं पाहिजे. ज्यांच्या घरी कोणाची ओळख नाही, त्यांच्यासाठी सार्वजनिक मार्गदर्शन केंद्र हीच ओळख असायला हवी.

या मुलांपर्यंत पोचण्याची घाई का करायची, याचंही एक कारण सांगतो. ऑस्ट्रियात मारिएनथाल नावाचं एक गाव आहे. तिथली कापड गिरणी १९३०च्या सुमारास बंद पडली आणि जवळपास सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे राहून अभ्यास केला आणि तो १९३३मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांकडे वेळच वेळ होता, वाचनालयाची फी माफ केली होती, तरी पुस्तकं नेणं कमी झालं. रस्त्यावरून पुरुष हळू चालू लागले. संघटनांच्या कामात भाग घेणं कमी झालं. बेकारीने माणसाचं जग लहान होत जातं, आणि लहान झालेल्या जगात नोकरीच्या बातम्याही कमी पोचतात. १९८२च्या संपानंतरच्या गिरणगावात ज्यांनी आपल्या वडिलांना दाराशी बसलेलं पाहिलं आहे, त्यांना हे मी समजावून सांगायची गरज नाही. त्या लाखो कामगारांना त्या वेळी कोणी घरी जाऊन विचारलं नाही, की तुमच्या हातात आणखी काय आहे आणि ते कुठे चालेल.

इथे एक गोष्ट लपवून ठेवणं बरोबर होणार नाही. मार्गदर्शनाने नोकऱ्या निर्माण होत नाहीत. फ्रान्समध्ये सुशिक्षित बेकार तरुणांना सखोल मार्गदर्शन देण्याचा मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१३मध्ये आले. ज्यांना मार्गदर्शन मिळालं त्यांना लवकर काम लागलं, पण त्यातला काही भाग मार्गदर्शन न मिळालेल्या इतरांच्या संधी घेऊन झाला होता, आणि जिथे कामंच कमी होती तिथे हे अधिक झालं. म्हणून गडचिरोलीत आणि चाकणमध्ये मार्गदर्शनाचं काम एकसारखं असू शकत नाही. जिथे कारखाना नाही तिथे मार्गदर्शकाने मुलाला खोटी आशा लावू नये. तिथे त्याचा निष्कर्ष सरकारपर्यंत गेला पाहिजे, की या तालुक्यात शिकलेली माणसं आहेत आणि कामं नाहीत. ही माहिती त्याच्याइतकी बारकाईने दुसऱ्या कोणाकडेच नसते. नाहीतर त्या पोकळीत कोण येतं हे बीड जिल्ह्यात पाहा. ऊसतोडीच्या हंगामाआधी मुकादम येतो, उचल देतो आणि नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, ठरवतो. त्याला कारखाना माहीत असतो आणि घरही माहीत असतं. गिरणगावचा जॉबर तिथे अजून जिवंत आहे, फक्त त्याला कोणी जॉबर म्हणत नाही.

राज्य सरकारच्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत २०२४पासून बारावी झालेल्यांना महिना ६ हजार, आयटीआय आणि पदविकाधारकांना ८ हजार, पदवीधरांना १० हजार विद्यावेतन देऊन आस्थापनांत कामाचा अनुभव दिला जातो. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना अप्रेंटिस घ्यावेच लागतात. पैसे आणि कायदा दोन्ही आहेत. मला एवढंच हवं आहे, की या मुदतीच्या शेवटी मुलाच्या हातात पडणाऱ्या कागदावर 'प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण केले' एवढंच नसावं. कोणतं यंत्र त्याने एकट्याने चालवलं, किती हिशोब लिहिले, ग्राहकाशी बोलला की नाही, त्याच्या वरिष्ठाला पुन्हा संधी मिळाली तर त्याला घ्यायचं आहे का, हे त्या वरिष्ठाच्या सहीने लिहिलेलं असावं. जोहान्सबर्गच्या प्रयोगातून मी घेतलेला धडा हा आहे, आणि तो अंमलात आणायला नवा निधी लागत नाही.

शेवटी रोजगार मेळाव्यांबद्दल. मंडप असतो, टेबलं लागलेली असतात, पन्नास कंपन्यांचे फलक असतात, दुपारपर्यंत शेकडो मुलांच्या हातात ऑफर लेटर पडतात आणि संध्याकाळी तो आकडा वर्तमानपत्राकडे जातो. मेळावा व्हायलाच हवा, कारण अनेक मुलांनी त्याआधी मालकाच्या माणसाशी समोरासमोर बोलणंच अनुभवलेलं नसतं. पण आकडा त्या दिवशी मोजू नये. माझी मागणी आहे, की प्रत्येक जिल्हा केंद्राने तीन महिन्यांनी त्या प्रत्येक मुलाला फोन करावा. कामावर आहे का? नसेल तर का सोडलं? पगार सांगितला तेवढाच मिळाला का? राहायला कुठे आहेस? मग तीच कारणं घेऊन त्या कंपनीकडे जावं, आणि ज्या कंपनीने सांगितल्याप्रमाणे वागवलं नाही तिला पुढच्या मेळाव्यात टेबल देऊ नये. आज इथे जिल्ह्यातले कारखानदार बसले आहेत, महाविद्यालयांचे प्राचार्य बसले आहेत, केंद्रातले अधिकारीही आले आहेत. गेल्या मेळाव्याची यादी केंद्राकडे आहे. त्या यादीतले फोन लावायला महाविद्यालयांतली समाजकार्याची आणि राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं येऊ शकतील, प्राचार्यांनी मनावर घेतलं तर पुढच्या सोमवारपासूनच.